हाताचा गुण, तेलाचा गुण

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध लाल स्पोर्ट्‌स कार आणि तिच्यापुढे बाह्या सरसावलेले गुणीमामा. गाड्या विकणं हा त्यांचा धंदा. पण लोक जमत ते त्यांच्या हाताला गुण होता म्हणून.

मामांनी किल्ली फिरवली. आत लोहाराने दुकान थाटावं तशी टकटक सुरू झाली. मामा उतरले, डोळे मिटले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि लोखंडालाही माया कळते असं पुटपुटले. टकटक थांबली. गर्दी बेभान झाली. एका काकूंनी तर आपला दुखरा गुडघाच पुढे केला. मामांनी लगेच इंजिन बंद केलं. नुकत्याच बऱ्या झालेल्या इंजिनाला फार बोलायला लावू नये म्हणे.

माझा धाकटा भाऊ हवेतच होता. शाळेची मुलं नेणारी धडधाकट व्हॅन देऊन तो ही गाडी घेणार होता. व्हॅनची किल्ली मामांच्या खिशात गेलीसुद्धा होती. या दोन सीटांत मुलं कुठे बसवणार, असं मी विचारलं, तर म्हणाला, एकेक नेईन.

"ताई, तुझ्यादेखत थांबला ना आवाज?"

"थांबला. परत येतो का, ते बघू."

हात ठेवलेला असेपर्यंत गुण टिकेल का, असं मी मामांना विचारलं. एवढ्या लोकांसमोर ते नाही कसं म्हणणार? जन्मभर टिकेल, म्हणाले. मी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून सगळ्यांना दाखवली. तेल मधासारखं दाट; थेंब सुटेना. मग मी आत बसून गाडी सुरू केली. टकटक, तळवा, शांतता. या वेळी किल्ली माझ्याकडे होती आणि मी इंजिन बंद केलं नाही.

मामांनी मायेवर प्रवचन लावलं. हळूहळू बॉनेट तापलं. प्रवचन आखडलं. मामा तळव्यावरून बोटांवर आले, मग रुमालावर, मग कोपरावर.

"मामा, हात काढू नका," काकू म्हणाल्या, "माझा गुडघा रांगेत आहे."

आणि त्यांच्या कोपराखालीच टक झालं. मग टकटक. मग लोहार पुन्हा कामाला लागला.

आत नास्तिक बसल्याने इंजिन रुसलं, असं मामा म्हणाले. मी उतरले. टकटक चालूच. इंजिन बंद करून पुन्हा पट्टी काढली. आता तेल पाण्यासारखं ओघळत होतं.

मग मी सांगितलं. इंजिनातला फिरता दांडा बेअरिंगमध्ये बसतो आणि दोघांमध्ये तेलाचा थर असतो. बेअरिंग झिजलं की फट वाढते आणि धातू धातूवर आपटतो. थंड इंजिन सुरू करताना तेल खाली बसलेलं असतं, म्हणून टकटक होते. पंपाने तेल वर चढवलं की फट भरते. मामा नेमके तेव्हाच हात ठेवतात. त्यांनी मुद्दाम दाट तेल भरलं होतं. पण तापलं की तेही पातळ होतं आणि लोहार जागा होतो. गुण हाताचा नव्हता, तेलाचा होता.

भावाने मामांपुढे हात पसरला. मामांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढून दिली. त्या हाताने आवारात केलेलं ते पहिलं चांगलं काम.

वेगवान जुनी गाडी हौसेने घ्या. पण थंड असताना ऐका, चांगली तापेपर्यंत चालवा आणि पुन्हा ऐका. विकणारा मध्येच इंजिन बंद करू लागला, तर का ते विचारा. खरं असेल ते तापल्यावरही खरंच राहतं.