आठ चाकांची तोफ

मी तोफ बोलतेय. दचकू नका. माझ्या तोंडात आता लाकडी बूच आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत पाखरांच्या घरट्यांखेरीज माझ्या पोटात कुणी काही भरलेलं नाही.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला एका बंदराच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून बसवलं. काम एकच, शत्रूची जहाजं आली तर बुडवायची. जहाजं आलीच नाहीत. वीस वर्षं मी मासेमारीच्या होड्या बघितल्या. शिपाई माझ्या सावलीत पत्ते कुटत आणि माझ्या नळीवर ओले मोजे वाळत घालत. मला कंटाळा यायचा, हेही खरं सांगते. तोफेला याहून चांगले दिवस नसतात, हे तेव्हा कुठं कळत होतं!

मग पहिलं महायुद्ध पेटलं. लढाई समुद्रात नव्हती, दूर आत, जमिनीवर होती. तिथं मोठ्या तोफा कमी पडल्या, तेव्हा साहेबलोकांना किनाऱ्यावर रिकाम्या बसलेल्या आम्ही आठवलो. मला उचलून आठ चाकांच्या रेल्वेगाडीवर चढवलं. गाडी माझ्या मापाने बनवलेली, म्हणून लोहाराने तिच्या कुशीवर माझ्या मागच्या बाजूला कोरलेलाच आकडा ठोकला, चारशे सतरा.

गाडीवर मला मान वळवता येत नसे. म्हणून शिपाई वळणदार रूळ टाकत आणि त्यावरून मला थोडं पुढं, थोडं मागं ढकलून नेम धरत. टेकडीवर होते तेव्हा मैलभर दिसायचं. इथं मात्र समोर झाडं आणि धूर. एका दुपारी मी अठरा गोळे टाकले. कशावर, ते मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी एक शिपाई माझ्या चाकाला टेकून पाव खाता खाता म्हणाला, "स्टेशनावर मारायचं होतं, पडले बाजारात." एवढं बोलून त्याने पावाचा उरलेला तुकडा खिशात ठेवला. त्याचं ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

पुढची कहाणी गंजाची आहे. ती सांगून तुम्हाला पिडत नाही.

तीन वर्षांपूर्वी अबू धाबीतल्या एका खाजगी संग्रहालयाने मला विकत घेतलं आणि डागडुजीसाठी दुबईत, अल कूझच्या एका वर्कशॉपमध्ये आणून टाकलं. मी एका जहाजाने आले, माझी गाडी चार महिन्यांनी दुसऱ्या जहाजाने. तिथंच घोळ झाला. या वर्कशॉपमध्ये प्रत्येक जड वस्तू कुठल्या ना कुठल्या चौकटीवर येते, आणि वस्तू उतरली की चौकट भंगारात जाते. शोभना नावाची पुण्याची बाई तिथं कागदपत्रं बघायची. हुशार, कामाला चोख. तिने सवयीने लिहिलं, 'वाहतुकीची चौकट, भंगार.' माझी आठ चाकं एका ओळीत निकालात निघाली.

मला ओरडावंसं वाटलं का? नाही. लाज वाटते, पण सांगते. मला बरं वाटलं. माझ्यासाठी पितळी पाटी तयार झाली होती, 'किनाऱ्याची राखणदार. वीस वर्षे पहारा, एकही गोळा झाडला नाही.' चाकं गेली की बाजारही गेला. निर्दोष म्हणून मिरवायची अशी संधी कोण सोडेल?

चाकं कापायचं काम केरूकडे होतं. राजापूरकडचा हा फिटर दुबईच्या देरा भागात सहाजणांच्या खोलीत राहायचा. फोरमन रामेश्वरने सांगून ठेवलं होतं, "केरू, सकाळी आल्या आल्या कटिंग. दुपारपर्यंत खलास पाहिजे, यल्ला, चल लवकर!"

नेमकी ती सकाळ खंडेनवमीची निघाली. केरूने आधी गॅस कटर, ग्राइंडर, पाने ओळीने मांडून पुजले. मग माझ्या गाडीपाशी आला. रंगावर कुंकू लावत नाहीत, लोखंडाला लागलं पाहिजे, असं त्याचे वडील सांगायचे म्हणे. त्याने तारेच्या ब्रशने तळहाताएवढी जागा खरवडली, कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडून पुटपुटला, "बाये, राग धरू नको. पोटासाठी कापतोय. माफ कर."

मी थिजले. मला बत्ती देणाऱ्यांपैकी कुणीही, कुणाचीही, अशी माफी मागितली नव्हती.

तेवढ्यात त्याला कुंकवाखाली खोबण लागली. त्याने आणखी खरवडलं. चार, एक, सात. महिन्याभरापूर्वी माझी मागची बाजू त्यानेच घासून लख्ख केली होती. तो धावत माझ्याकडे आला, आकड्यावरून बोट फिरवलं आणि परत गाडीकडे गेला. मग कटर खाली ठेवला.

"साहेब, ही चौकट नाय. हिचीच गाडी आहे ही. नंबर बघा."

रामेश्वर वैतागला. "अरे, काँक्रीटचा चौथरा रेडी आहे, प्लेट रेडी आहे. आज कटिंग नाही झालं तर तुला वॉर्निंग लेटर मिळेल, समजलं ना?"

"मिळू द्या. पण आधी मॅडमना बोलवा. एकदा कापलं की जोडता येणार नाय."

शोभना आली. दोन्ही आकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. विकणाऱ्याने पाठवलेल्या फायलीतली, कधी भाषांतरच न केलेली पानं तिने तिथंच उभ्या उभ्या फोनवर भाषांतर करून वाचली. रूळ, अठरा गोळे, बाजार, सगळं त्यात होतं.

"चूक माझी आहे, रामेश्वर," ती म्हणाली. "मी लिहून देते तसं. केरूला काही बोलू नका. आणि ती प्लेट मेल्ट करायला पाठवा."

आता मी संग्रहालयात बारा मीटरच्या सरळ रुळांवर उभी आहे, आठही चाकांसकट. नव्या पाटीवर बाजाराचा उल्लेख आहे. केरू पुढच्या खंडेनवमीला सुट्टी काढून आला होता. दोरीपलीकडूनच हात जोडून गेला.

परवा शोभना तिच्या मुलीला, ईराला, घेऊन आली. अल बर्शाच्या शाळेत तिसरीत आहे. पोरीने पाटी सावकाश वाचली.

"आई, डिड इट किल पीपल?"

"हो."

"डिड इट से सॉरी?"

शोभनाने माझ्याकडे पाहिलं. ती पोरीचा हात धरून पुढच्या दालनात गेली.

नव्हतं म्हटलं, बाळा. शंभर वर्षं नव्हतं म्हटलं. त्या बाजारात त्या दुपारी जे कुणी होते, त्यांची मी माफी मागते. एवढं म्हणायचं होतं, म्हणून आज बोलले.