पिंपातला श्वास

मेणबत्तीची ज्योत वाइनच्या पिंपाच्या काठाशी स्थिर होती. वीतभर खाली गेल्यावर ती निळसर, बारीक झाली आणि विझली. धूर वर आलाच नाही. दुधावर साय धरावी तसा आतच आडवा पसरून राहिला.

तळघरात दाटलेल्या अर्ध्या बोल्गेरी गावाने क्रूसाची खूण केली.

"नको म्हणतोय," तारेला बांधलेली मेणबत्ती वर ओढत आत्म्यांना कौल लावणारी झेलिंदा पुटपुटली. "आर्जिया, बाग तू कसायची नाहीस. ऐक, श्वास घेतोय तुझा नवरा!"

आतून खरंच मंद फसफस येत होती. आर्जियाचा नवरा एजिस्तो ऐन द्राक्षतोडणीत गेला. त्याची शेवटची लाल वाइन हिवाळाभर निपचित होती; वेली फुलल्या आणि ती बोलू लागली. माझ्याही अंगावर काटा आला. रसायनशास्त्र शिकल्याने तो यायचा थांबत नाही.

बाग स्वतः कसायची की दीर नेल्लोला द्यायची, हे आर्जियाचं तो गेल्यापासून ठरत नव्हतं. झेलिंदाला बोलावलं नेल्लोनेच. एजिस्तोची छाटणीची कात्री आतापासूनच नेल्लोच्या खिशात होती.

"ओरेस्तेदादा, तुमचंही पिंप उघडू या," मी शेजाऱ्याला म्हणाले.

"माझं कशाला? मी जिवंत आहे."

"म्हणूनच."

त्याच्या तळघरात तार मी सोडली. ज्योत वीतभर खाली विझली. फसफसही तीच.

"तरीच हे घरात तोंड उघडत नाहीत!" त्याची बायको म्हणाली. लोक हसले.

"आत्मे फिरतात, बाई," झेलिंदा फणकारली.

"मग गेल्या रविवारी एजिस्तोला 'सुखात आहेस ना?' विचारलंत, तेव्हा ज्योत कशी तेवत राहिली? तुम्ही तार काठावरच थांबवली होतीत."

मग सगळ्यांकडे वळून मी सांगितलं: उबेने वाइनमधले जिवाणू जागे होतात, तिचा आंबटपणा खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेहून जड, म्हणून पिंपात साचतो. त्यात ज्योत जगत नाही. गेलेल्या माणसाची आठवण जरूर काढा. पण वायूला कौल लावू नका. उत्तर तार धरणारा हात देतो.

आपल्या तळघरात परत आल्यावर आर्जियाने पिंपाला कान लावला. बराच वेळ.

"म्हणजे तो इथे नाही?"

"नाही, वहिनी."

तिने झाकण सरकवलं, डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"नेल्लोभावजी, ती कात्री द्या इकडे. बाग मीच कसणार."