तिसरा तांब्या

तांड्याचे नाईक पूनमसिंग यांनी दुसरा तांब्या बोकडाच्या पाठीवर ओतला आणि सगळे वाकून पाहू लागले. बोकड कुडकुडला, पण अंग काही झाडलं नाही.

ढाणकीजवळच्या त्या तांड्याची रीत साधी होती. देवीच्या ओट्यासमोर बोकडावर तीन तांबे पाणी ओतायचं. त्याने अंग झाडलं तर तो राजी, आणि देवीलाही मान्य. नाही झाडलं तर त्याला देवीच्या नावानं सोडून द्यायचं. नवस तरीही फिटतो. बोकडाला विचारल्याशिवाय आम्ही कापत नाही, असं तांडा अभिमानाने सांगे. आजवर एकाही बोकडाने नकार दिला नव्हता. पौषातल्या गार पाण्यापुढे देणार तरी कोण?

हा बोकड, चांद्या, बसंतीबाईने वाढवला होता. त्याची आई वितानाच मेली, तेव्हा तिने त्याला बाटलीने दूध पाजलं. तो तिच्या भाकरीत तोंड घालायचा आणि ती नुसती शिव्या द्यायची. मग भादव्यात कपाशीवर फवारणी करताना तिचा मुलगा शंकरसिंग शेतातच कोसळला. तो यवतमाळच्या दवाखान्यात पडून होता, तेव्हा तिच्या नवऱ्याने, देवसिंगने, चांद्याचा नवस बोलला. ती हो म्हणाली. त्या वेळी कुणी तिचा जीव मागितला असता तरी ती हो म्हणाली असती. शंकरसिंग घरी आला. नजर मात्र धूसरच राहिली.

तिसरा तांब्या ओतला. चांद्या मान खाली घालून उभा. पाहुण्यांच्या पोटात कावळे कोकलत होते.

"कानात पानी टाका, नाईक," मागून कुणीतरी म्हणालं. "लगेच झाडते."

"तशी रीत नाही." नाईकांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. "देवीच्या मनात नाही. सोडा त्याले."

बसंतीबाईचा जीव भांड्यात पडला. कुणाचं मन बदलायच्या आत तिने दोर हातात घेतला आणि चांद्याला बाजूला नेलं. नाईक देवीकडे वळून हात जोडत होते, पाहुणे हिरमुसून पांगत होते. ती पदराने त्याची पाठ पुसू लागली.

"किती भिजवलं रे तुले. थंडी वाजून राह्यली का?"

पदर मानेशी गेला आणि चांद्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. तिने कधीही अंगावरून हात फिरवला की तो झाडायचा, तसंच. थेंब तिच्या तोंडावर उडाले. बसंतीबाईने चटकन आजूबाजूला पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं.

ओट्याच्या कडेला गोधडी पांघरून बसलेल्या शंकरसिंगने आईच्या दिशेने मान वर केली.

"याडी, कान फडफडले त्याचे. झाडलं का त्यानं?"

सगळे वळले. नाईकही वळले.

"काय वं बसंती? देवीसमोर हायेस. खरं सांग."

तिने मुलाकडे पाहिलं. तो तिच्या आवाजाची वाट पाहत होता, पण ती उभी होती तिथून जरा डावीकडे बघत होता. देवीसमोर खोटं बोलले आणि याला काही झालं तर?

"झाडलं," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिलाच तो खरा वाटेना. हे आपण बोललो?

"पन मी पुसलं म्हनून झाडलं," ती घाईने म्हणाली. "तुमाले राजी म्हनून नाही. माह्या हातानं झाडलं त्यानं."

"राजी झाला, राजी झाला," म्हणत पाहुणे परतू लागले होते. चुलीत कुणीतरी लाकडं सारली. देवसिंगने तिच्या हातातून दोर घेतला आणि ओढला. चांद्याने खूर रोवले. पुन्हा ओढला, तरी तो हलेना.

"तुह्याबिगर येत नाही तो," देवसिंग हळूच म्हणाला. "चाल, तू पुढं हो."

बसंतीबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग ती पुढे झाली. दोर सैल पडला आणि चांद्या मुकाट तिच्यामागून चालू लागला.