नाण्याची गाडीवाली बाजू

शुक्रवारी सकाळी सहाला माझ्या लेकीला, ओपलला, शंभर पॉइंट आठ ताप होता. सव्वासहाला मी तिला ते लाल, चेरीच्या वासाचं औषध पाजलं आणि सातला पाळणाघराच्या दारात उभी राहिले. शंभराच्या वर ताप असलेलं मूल आत घेत नाहीत. दारातच कपाळाला थर्मामीटर लावतात. अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ.

"डोळे लाल दिसतायत गं हिचे," ओडेट म्हणाली. आमच्या गोल्फच्या दौऱ्याबरोबर गावोगाव फिरणारं हे पाळणाघर ती बारा वर्षं सांभाळते आहे.

"दाढ येतेय," मी म्हणाले. खोटं बोलताना माझा आवाज फार गोड होतो, असं माझा नवरा क्लेटन म्हणतो. ओडेटने ओपलला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसरं करणार तरी काय होते? क्लेटन नेब्रास्कात, शाळेत सुतारकाम शिकवतो. इथे फ्लोरिडात माझं ओळखीचं म्हणजे माझी कॅडी डोरीन, आणि तिच्या खांद्यावर माझी काठ्यांची बॅग. हंगामातली शेवटची स्पर्धा होती. वर्षभराच्या गुणांच्या यादीत पहिल्या शंभरजणींना पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड मिळतं, आणि मी एकशे तिसरी होते. शुक्रवारी कट पार केला, म्हणजे शनिवार-रविवार खेळायला मिळालं, तर चार गुण का होईना पदरात पडणार होते. नाही तर खालचा दौरा. खालच्या दौऱ्यावर पाळणाघर नाही. म्हणजे ओपल नेब्रास्कात आणि मी रस्त्यावर, किंवा मग दोघी नेब्रास्कात आणि काठ्या गॅरेजमध्ये.

तिचा पहिला दात अ‍ॅरिझोनात आला, मार्चमध्ये. ती रांगली न्यू जर्सीत. पहिलं पाऊल पोर्टलंडच्या मोटेलच्या गालिच्यावर टाकलं, त्या दिवशी मी कट चुकले होते आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आता वाटत होतं.

आठ दहाला आमचं तिघींचं टोळकं निघालं. मी, टेक्सासची एकवीस वर्षांची यारेली ओचोआ, आणि एक डॅनिश मुलगी, जी दिवसभरात 'सॉरी' आणि 'छान' एवढंच बोलली. औषधाचा असर पाच तास. सव्वाअकरा. तेव्हा मी तेराव्या होलवर असेन. हा हिशेब मी पहिला चेंडू मारायच्या आधीच केला होता.

खेळताना फोन बंद ठेवायचा असतो. पाळणाघरातून काही निरोप असला तर हिरव्या जाकिटातला स्वयंसेवक छोट्या गाडीतून येतो. जुलैत ओहायोत एका खेळाडूकडे तसा आला होता. ती बिचारी काठी तिथेच टाकून गाडीत बसली होती. तेव्हापासून हिरवं जाकीट दिसलं की माझी नजर त्याच्यामागेच जाते.

"तू त्या गाड्यांकडे बघणं सोड," नवव्या होलवर डोरीन म्हणाली. "गाडीत पाणी असतं, केळी असतात. बातमी नसते."

"मी नाही बघत."

"हो, आणि मी सोळा वर्षांची आहे." डोरीन साठीची आहे. आधी केंटकीत शाळेची बस चालवायची. पोरांना आरशातून ओळखायची सवय तिची अजून गेलेली नाही. "सकाळी काय पाजलंस तिला? तुझ्या बाहीवर लाल डाग आहे."

मी बाही दुमडली.

तेराव्यावर घड्याळात अकरा वीस झाले. चौदाव्यावर एक फटका हुकला, पंधराव्यावर तो भरून निघाला. सोळाव्या होलच्या फलकावर दिसलं की कट एकशे पंचेचाळीसवर येणार, म्हणजे दोन दिवसांचे मिळून त्याहून एक फटका जास्त झाला तरी बाहेर. उरलेले दोन होल नीट खेळले तर मी बरोब्बर एकशे पंचेचाळीस. यारेलीसुद्धा तिथेच लटकत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

सतराव्याच्या हिरवळीवर माझा चेंडू होलपासून चार फुटांवर थांबला. मी मागे खुणेसाठी नाणं ठेवून चेंडू उचलला. माझं नाणं म्हणजे नेब्रास्काचा पाव डॉलर. एका बाजूला वॉशिंग्टनचं डोकं, दुसऱ्या बाजूला माळरानावरून निघालेली बैलांची छपराची गाडी.

यारेलीचा चेंडू लांब होता, आणि तिची वाट नेमकी माझ्या नाण्यावरून जात होती.

"लेआन, जरा सरकवतेस? डावीकडे."

यात काही विशेष नाही, दिवसात चारदा होतं. पटरचं, म्हणजे हिरवळीवर चेंडू ढकलायच्या काठीचं, डोकं नाण्याला टेकवायचं, नाणं उचलून त्या डोक्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. समोरचीचं झालं की तसंच परत आणायचं. परत आणायला विसरू नये म्हणून वडिलांनी मला नववीत असताना एक सवय लावली होती. नाणं सरकवलं की उलटं ठेवायचं. डोकं वर असेल तर जागेवर आहे. गाडी वर असेल तर घरी आणायचं आहे.

मी सरकवलं. गाडी वर केली. यारेली खेळली, चेंडू होलच्या कडेवर थांबला, तिने तो आत ढकलला. आणि त्याच क्षणी दोरीपलीकडे छोटी गाडी येऊन थांबली. हिरवं जाकीट. तो माणूस खाली उतरला, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून आमच्याकडे बघत राहिला.

साडेबारा वाजले होते. असर उतरून तास उलटला होता. मी चेंडू ठेवला, नाणं उचललं आणि मारला. चेंडू आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाने गाडीतून पाण्याचं खोकं उतरवलं आणि निघून गेला.

अठरावा होल कसा खेळले ते मला धड आठवत नाही. चार फटके, एवढं खरं.

गुण तपासायच्या तंबूत टेबलामागे एक म्हातारे पंच बसले होते. आमच्या खेळात एकीच्या फटक्यांचं कार्ड दुसरीने लिहायचं असतं. माझं यारेलीकडे होतं. ती एकेक आकडा वाचत गेली. "सतरा, चार. अठरा, चार. एकूण एकशे पंचेचाळीस. लेआन, टिकलो आपण, दोघी टिकलो!"

मी पेन्सिल घेतली. दुसरा हात सवयीने खिशात गेला, नाण्यावर. आणि डोळ्यांसमोर आलं ते सतराव्यावरचं नाणं, चेंडूच्या सावलीत, मी उचलत असताना.

बैल होते.

आता माझं डोकं कसं आहे ते मला माहीत आहे. घरातला धुराचा भोंगा टोस्ट करपला तरी कोकलतो, तसं. मिशिगनला इस्त्री चालू राहिली असं वाटून मी तीस मैल मागे गेले होते, आणि इस्त्री मागच्या सीटवर होती. तेव्हा मी स्वतःला म्हटलं, ही इस्त्री आहे. सही कर.

"यारेली, सतराव्यावर मी नाणं परत जागेवर आणलं होतं का?"

"मला कसं कळणार? मी माझा चेंडू होलमधून काढत होते." तिचा चेहरा हळूहळू बदलला. "का गं?"

डोरीन तंबूच्या दोरीबाहेर टॉवेलची घडी घालत होती. मी तिलाही तेच विचारलं.

"तू सगळं तीन-तीनदा बघणारी बाई," ती म्हणाली. "आणलंच असणार."

"पाहिलंस का?"

तिने घडी मोडली, परत घातली. "मी झेंडा धरून होते." मग हलकेच म्हणाली, "लेआन, सही कर आणि पोरीकडे जा. ती आजारी आहे."

"घाई नाही बाई," पंच म्हणाले. "पण सही झाली की झाली."

सकाळचा थर्मामीटर आठवला. त्या बिचाऱ्याने त्याला दिसलं तेच सांगितलं होतं. हे कार्डसुद्धा तसंच, मी लिहू देईन तेच सांगणार. उद्या पहिल्या फटक्याला हे बैल समोर येणार, परवाही येणार. आणि इस्त्रीच्या वेळी मला इस्त्री दिसली नव्हती, फक्त भीती वाटली होती. हे मला दिसलं होतं.

"सतराव्यावर मी चुकीच्या जागेवरून खेळले," मी म्हणाले. "नाणं परत आणलं नाही."

"खात्री आहे तुमची?"

"गाडी वर होती."

त्यांना ते कळलं नाही, म्हणून मग सगळं सांगितलं. त्यांनी नियम वाचला नाही, पाठच होता. दोन फटक्यांचा दंड. यारेलीने चार खोडून सहा लिहिले. तिचा हात इतका जड पडला की कागद फाटतो की काय असं वाटलं. "मी कशाला सांगितलं तुला सरकवायला," ती पुटपुटली. मी एकशे सत्तेचाळीसखाली सही केली.

डोरीन बॅग उचलून माझ्याबरोबर पाळणाघरापर्यंत आली. दाराशी म्हणाली, "बसमध्येही एक होती तुझ्यासारखी. स्वतःच येऊन सांगायची, मीच चुइंगगम चिकटवला म्हणून. डोकं उठवायची माझं."

ओडेट ओपलला घेऊन मागच्या छोट्या खोलीत बसली होती, बाकीच्या मुलांपासून लांब. ओपलचे गाल लाल होते. मला बघून तिने हात पुढे केले, रडली नाही.

"ओडेट, सकाळी मी तिला..."

"चेरी," ओडेट म्हणाली. "तोंडाला वास येत होता. दार लावलं आणि तिला इथेच घेऊन बसले. साडेअकरापासून खांद्यावर आहे माझ्या."

"मग मला निरोप का नाही पाठवलास?"

"पाठवला असता तर तू खेळ सोडून आली असतीस." तिने थर्मामीटर काढला, ओपलच्या कपाळाला लावला आणि मला दाखवला. एकशे एक पॉइंट दोन. "आत आणखी पाच पोरं आहेत, लेआन. उद्या आणायचं नाही हिला. चिडून बोलतेय असं समज हवं तर."

"उद्या आम्ही इथे नसूच," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं, मग डोरीनकडे. डोरीनने दोन बोटं दाखवली, दोन फटक्यांनी हुकलं. ओडेट उठली, फ्रिजमधून ओला रुमाल आणला आणि ओपलच्या मानेवर ठेवला. मग वहीत आजच्या तारखेपुढे सकाळचे अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ खोडले आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"खरं किती होते?"

"शंभर पॉइंट आठ," मी म्हणाले आणि लिहिले.

"डिसेंबरात कार्ड परत मिळवायची पात्रता फेरी आहे, अलाबामात," डोरीन दारातून म्हणाली. "तोवर ही बरी होईल. नाणं मात्र माझ्याकडे दे."

मी खिशात हात घातला, पण नाणं तिला दिलं नाही.