विहिरीवरची साय

"नीट धर. पाय चिरडून घेशील," गोबनेत म्हणाली.

सोर्खाने फरशीखाली बोटं घातली. दोघींनी एकदम जोर लावला तेव्हा कुठे विहिरीवरचं दगडी झाकण कुरकुरत सरकलं. आतून तोच गार वास आला, ओल्या खडकाचा. चहूकडे खारा समुद्र आणि बेटाच्या पोटात मात्र हा गोड झरा, पिढ्यान्‌पिढ्या न आटलेला. त्याचं पाणी प्यायला आता इथे कोणी उरलं नव्हतं. घरांची छपरं केव्हाच खचली होती आणि माणसं समोरच्या किनाऱ्यावर राहायला जाऊन म्हातारी झाली होती.

"आटली नाही गं," सोर्खा म्हणाली.

"तिला काय धाड भरलीय? आटलो आपण."

पूर्वी इथे बादल्यांची रांग लागायची. कुणाची सोयरीक जुळतेय, कुणाची गाय लाथा मारते, सगळं या पायऱ्यांवर कळायचं. सोर्खाला स्वतःच्या लग्नाची बातमीसुद्धा आईच्या आधी इथेच कळली होती, आणि ती हसत सुटली होती. त्याच पायऱ्यांवर पुढे गोबनेतने तिला चोर ठरवलं.

मेच्या पहिल्या दिवशी, सूर्य उगवायच्या आत जो पहिलं पाणी काढेल, त्याच्या घरी वर्षभराची बरकत जाते असं बेटावर मानत. दूध, लोणी, मासळी, सगळी बरकत. त्या पाण्याला साय म्हणत. साय काढणारा गवताची जुडी बांधून पाण्यात टाकायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं की साय गेली. हे सगळं चोरून, एकट्यानेच करायचं. एका वर्षी त्या दिवशी उजाडताना सोर्खा भरलेली बादली घेऊन येताना गोबनेतला दिसली. जुडी आधीच तरंगत होती, असं सोर्खा जीव तोडून सांगत राहिली. पण त्याच उन्हाळ्यात गोबनेतचा नवरा टाइग मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. मग कोण कशाला ऐकतंय? सोर्खाच्या लोण्याला कोणी हात लावेना. तिच्या नवऱ्यानेही एकदा, दोन घोट पोटात गेल्यावर, खरंच नेलीस का, असं विचारलंच होतं.

या खेपेला इथे यायचा हट्ट गोबनेतचाच. तिचा मुलगा मुरिश होडी विकणार होता. पुढच्या वर्षी आणणार कोण? सोर्खा मात्र आली ती एकाच आशेने. मरायच्या आधी गोबनेतने एकदा म्हणावं, तू नाही घेतलीस.

गोबनेत दोन पायऱ्या उतरली, डबा बुडवला आणि वर करून सोर्खापुढे धरला.

"घे. पहिली तारीख आहे आज. साय तुझी. आता चोरायला नको."

टोमणाच होता, पण डबा तिने दोन्ही हातांनी धरला होता. सोर्खा प्यायली. दात शिवशिवले, अगदी लहानपणी शिवशिवायचे तसे.

"जुडी मी टाकते. रीत ती रीत," म्हणत गोबनेतने मूठभर गवत उपटलं. ते दुमडलं, वेढे घेतले आणि शेवटचं टोक उलटं आत खोचलं, जाळं विणताना तिचे वडील खोचायचे तसं. मग तिने जुडी पाण्यात सोडली.

सोर्खा बघतच राहिली. बेटावर सगळे साधी गाठ मारत. टोक आत खोचलेली जुडी तिने आयुष्यात एकदाच पाहिली होती, त्या पहाटे. तळहातावर घेऊन पाहिली होती.

तिची नजर गोबनेतला कळली.

"टाइगला पोहता येत नव्हतं," गोबनेत पाण्याकडे बघत म्हणाली. "मला वाटलं, साय घरात असली म्हणजे..."

सोर्खाच्या अंगाची आग झाली. सगळं आयुष्य गेलं होतं यात. समोर विहिरीच्या काठाला धरून ती वाकलेली बाई उभी होती. सोर्खाने खाली वाकून झाकणाची कड धरली.

"झाकण लावू या," शेवटी ती म्हणाली. "मेंढरं पडतील."

"मेंढरं कुठायत आता?"

"असू दे. लाव."

धक्क्यावर मुरिशने दोघींना हात देऊन होडीत घेतलं. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता. आता त्याचेच केस पांढरे झाले होते.

"काय मावशी, झाला का समेट?" त्याने हसत विचारलं. "बाबा गेले त्या वर्षीची साय कुणी नेली, ते तरी कळलं का?"

गोबनेत मान खाली घालून शालीच्या दशा ओढत बसली होती.

"कसं कळणार रे?" सोर्खा म्हणाली. "गवतावर काय नाव लिहिलेलं असतं?"

मुरिशने होडी लोटली. वारा बोचरा होता. बेट बरंच मागे पडल्यावर गोबनेतने शाल सोडली आणि अर्धी सोर्खाच्या गुडघ्यांवर टाकली.