माईची गाडी चढाला का रुसते

गल्लीला जाग यायची ती माईच्या डिझेल गाडीने. चावी फिरवली की गाडी आधी कण्हायची, मग खोकायची आणि मग ढिम्म. माई पुन्हा चावी फिरवायची, पुन्हा तेच रडगाणं. एकदाची पेटली की मागून पांढऱ्या धुराचा असा लोट सोडायची, की समोरची बाई वाळत घातलेल्या चादरी घेऊन आत पळायची. गंमत अशी, की सकाळचा हा तमाशा एकदा आटोपला की दिवसभर गाडी गरीब गाय. दहा ठिकाणी थांबवा, दहा वेळा निमूट सुरू.

घरामागच्या खोलीत माईचं पडदे शिवायचं काम चालायचं. शिवलेले गठ्ठे दुकानादुकानांत पोचवायला ती स्वतः जायची. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले होते, आता गाडी विकून टाक. माईने विकली नाही, चालवायला शिकली.

त्या दिवशी दुपारी जेवता जेवता धाकट्या मुलाने हळूच सांगितलं, "माई, उद्या सकाळी भंगारवाला येतोय."

"कुणाला न्यायला? तुला?"

"गाडीला. म्हातारी झाली ती आता."

"म्हातारी मीही झाले. मलाही वजनकाट्यावर चढवतोस का?"

सुनेला ठसका लागला. धाकटा मात्र गोड बोलायचं सोडेना. "अगं, मी आहे ना. माझी नवी गाडी आहे. तुला कुठे जायचं ते सांग, वेळ मिळाला की सोडत जाईन."

वेळ मिळाला की! माईच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे गठ्ठे बांधून दारात बसायचं आणि पोटच्या पोराला विचारायचं, बाळा, आज जमेल का रे? तिने ताट सरकवलं.

"ऐक. उद्या त्या भंगारवाल्यासमोर गाडी एका चावीत सुरू झाली, तर ती राहील आणि पुन्हा हा विषय घरात निघायचा नाही. नाही झाली, तर मी माझ्या हाताने त्याला चावी देईन."

धाकट्याने मान डोलावली. जिंकल्यासारखीच.

माईने लगेच मेकॅनिकला बोलावलं. विचार करताना पान्याने डोकं खाजवायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला पान्याच म्हणत. तो आला तोच हात जोडून.

"माई, बॅटरी नवी घातली. हीटर प्लग नवे घातले, इंजिन आतून मस्त गरम होतंय. आता अजून काय बदलू?"

"तुझं डोकं बदलता येतं का बघ," माई म्हणाली. मग तिने सुनेला हाक मारली. "काय गं, हे रडगाणं चालू असतानाच आपण माझ्या नणंदेकडे मुक्कामाला गेलो होतो, तेव्हा सकाळी गाडीने त्रास दिला होता?"

"छे हो माई. पहिल्या चावीत सुरू झाली. आणि थंडी तर इथल्यापेक्षा कडक होती."

"मग थंडीचा दोष नाही. बॅटरीचाही नाही. गाडी तीच, डिझेल तेच, बाईही तीच. बदललं काय?"

सून दाराकडे बघत म्हणाली, "जागा. त्यांचं अंगण सपाट आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. घरासमोरच्या सपाट फरशीवर धाकट्याची नवी गाडी ऐटीत उभी होती. ती आल्यापासून माईची गाडी कडेच्या चढावर गेली होती, तोंड वर आणि शेपूट खाली. कारण माईचा दंडक होता, गाडीने घराकडे तोंड करूनच उभं राहायचं, घराला पाठ दाखवायची नाही.

"बघ, हे फर्मान तुझंच," धाकटा म्हणाला.

"फर्मान माझं. आणि सपाट जागा कुणी बळकावली?"

पान्याचा पाना डोक्यात फिरायला लागला. "टाकी मागे, खाली. इंजिन पुढे, वर. रात्रभरात डिझेल मागे उतरत असणार, म्हणून सकाळी इंजिन कोरडं. पण माई, कुठून तरी हवा शिरल्याशिवाय ते उतरणार नाही. आणि नळी चिरली असती तर खाली डिझेल सांडलं असतं. इथे तर एक थेंब नाही."

"पिंपातलं पाणी कधी नळी तोंडात धरून ओढलंयस?"

"हो, ओढलंय की."

"नळीला भोक असलं तर पाणी बाहेर सांडतं, का तोंडात नुसता वारा येतो?"

पाना डोक्यातच थांबला. "अरे हो! ही तर इंजिनाने डिझेल ओढायची नळी. ही सांडणार नाही, ही वारा पिणार!"

मग मात्र त्याच्या अंगात वारं शिरलं. फिल्टरच्या पुढे त्याने काचेसारखी आरपार दिसणारी नळी जोडली आणि गाडी सुरू करायला लावली. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे पळत होते, वरातीला निघाल्यासारखे. टाकीकडून येणारी रबरी नळी तो बोटांनी चाचपत मागे मागे गेला. एका क्लिपच्या खाली रबर कडक होऊन केसाएवढं चिरलं होतं. तिथे नवी नळी बसली, नव्या क्लिपा बसल्या, आणि फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून पान्याने सगळी हवा बाहेर काढली.

"माई, आजच्या रात्री सपाटावर लावू या," तो म्हणाला. "उगाच जोखीम नको."

धाकट्यालाही कोण जाणे काय वाटलं. "माझी काढतो मी," म्हणाला.

"कुणी काही काढायचं नाही. सपाटावर कुणीही सुरू होतं. चढावरच लावा. तोंड घराकडे."

सकाळी भंगारवाला दोरखंड घेऊन हजर. गल्ली खिडक्यांत. समोरच्या बाईने चादरी आधीच काढून ठेवलेल्या. माई इस्त्रीचं पातळ नेसून, पदर खोचून गाडीत बसली. तिने अर्धी चावी फिरवली. प्लग गरम होत असल्याचा पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत तिने श्वाससुद्धा घेतला नाही. मग पूर्ण फिरवली.

कण्हणं नाही, खोकणं नाही. गाडी एका दमात गरजली.

खिडक्यांतून टाळ्या पडल्या. पान्याने पाना हवेत उडवला आणि झेलायचा विसरला. सून तर चक्क नाचली. धाकटा आधी ओशाळला, मग त्यालाही हसू आवरेना. त्याने मुकाट्याने पडद्यांचे गठ्ठे उचलून मागच्या सीटवर रचले.

भंगारवाला दोरखंड गुंडाळत म्हणाला, "आजी, मग माझी खेप फुकट?"

"फुकट कशी? असा सोहळा तुला भंगारात मिळाला असता का? सरक बाजूला, मला दुकानं उघडायच्या आत पोचायचंय."

काच खाली करून तिने कोपर बाहेर ठेवलं, गाडी मागे घेतली, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा हॉर्न वाजवत ती निघाली.