शंभर ग्रॅमची काठी

मी काठी बोलतेय. आधाराची नाही, माराचीही नाही; वजन करायची. भट्टीत खडखडीत वाळवून मला बरोबर शंभर ग्रॅमची केली आणि वनचौकीमागे दोन खुंट्यांवर उघड्यावर ठेवली. रोज दुपारी मला तराजूत घालायचं. शंभराच्या वर जितके ग्रॅम, तितके टक्के पाणी जंगलातल्या काटक्यांत. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बरं!

पण आमचे वनरक्षक! माणूस कामसू, मात्र टापटिपीचं भारी वेड. पाऊस आला की मला उचलून आत नेणार. अहो, भिजणं हेच माझं काम! साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर तर कहर झाला. खुर्च्यांबरोबर मलाही व्हार्निश फासलं, चांगले दोन हात. पाच ग्रॅम वजन तिथेच वाढलं.

चारच दिवसांनी उतारावरचा पाचोळा मुद्दाम जाळायचा होता. काम चांगलंच. थोडा ओलावा असला की आग जमिनीलगत सरकते, साचलेला पाला संपवते, मोठी झाडं शाबूत राहतात आणि बियांना ऊन मिळतं. माझं वजन भरलं एकशे बारा. त्यातले पाच व्हार्निशचे; खरे टक्के सातच, म्हणजे पाला कोरडा ठणठणीत!

आग पुढे सरकू नये म्हणून पाला काढून पट्टा मोकळा करतात, ती जाळरेषा झाडायला वनरक्षकांची आत्या होती. तिने मूठभर पाला चुरगाळला.

"अरे, पीठ होतंय याचं. आज नको."

"आत्या, काठी बारा टक्के दाखवतेय. ती काय खोटं बोलणार आहे?"

माझा नुसता जळफळाट झाला. तासाभरात आग शेंड्यांवर चढली. जुनी झाडं उभी जळाली. माती अशी भाजली की पुढच्या पावसाचं पाणी मुरेना, राख घेऊन सरळ ओढ्यात गेलं. आत्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

साहेबांनी चौकशीत आधीच लिहून आणलं होतं : अचानक वारा सुटला. वनरक्षकांनी सही केली नाही.

"वारा नव्हता, साहेब. काठीला व्हार्निश मी लावलं होतं. आणि आत्याचं ऐकलं नाही."

"अहो, कशाला अंगावर ओढवून घेताय?"

वनरक्षकांना घरी बसवलं. मला पुरावा म्हणून फायलीला बांधून कपाटात टाकलं. दीड वर्ष झालं, फाईल कुणी उघडत नाही. खुंट्यांवर नवी काठी आहे, पण तिचं वजन कुणी करत नाही. वहीत रोज तोच आकडा उतरवतात. पाचोळा गुडघाभर साचलाय.

वनरक्षकांवर माझा राग आहे, अजूनही आहे. पण साहेब, खरा आकडा लिहितील असे तुमच्याकडे तेवढे एकच आहेत. त्यांना परत पाठवा.